एएस/४०० वर फाइल बांधताना: डीडीएस ठेवायचं की एसक्यूएलकडे जायचं?

दसरा उलटला की कारखान्याच्या संगणक खोलीत मागण्यांची रीघ लागते. पावतीवर शेतकऱ्याचं नाव मराठीत आणि कन्नडमध्येही हवं. ऊसतोड टोळीच्या मुकादमाचा मोबाइल नंबर ठेवायला जागा हवी. निपाणी वेगळा तालुका झाला तरी अहवालात तो चिक्कोडीखालीच का दिसतो? मागण्या वेगवेगळ्या असल्या तरी सगळ्या एकाच ठिकाणी येऊन अडतात, ते म्हणजे एएस/४०० या आयबीएमच्या संगणकावरची (आजची आयबीएम आय) फाइलची व्याख्या, म्हणजे कुठले रकाने, कुठल्या प्रकारचे, किती लांबीचे. व्याख्या डीडीएसमध्ये, म्हणजे या यंत्रणेच्या जुन्या फाइल-वर्णन पद्धतीत असेल तर तिथेच रकाना वाढवायचा, की ही संधी साधून फाइल एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या सर्वमान्य भाषेत न्यायची?

खालचं उदाहरण कल्पित आहे. बेळगाव, चिक्कोडी, अथणी या पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्याची ऊसखेपांची फाइल डोळ्यांपुढे ठेवली आहे. पतसंस्थेच्या खात्यांची किंवा गोदामातल्या मालाची फाइल असली तरी हिशेब तोच. बेळगावात बसून पुण्या-बेंगळुरूच्या कंपनीची आयबीएम आय यंत्रणा सांभाळणाऱ्यांनाही तो जसाच्या तसा लागू पडेल. आज्ञांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, पडद्यावर मात्र ती रोमन अक्षरांतच टाकायची; ‘स्टार’ म्हणजे * हे चिन्ह.

आधी एक गल्लत दूर करू

डीडीएस म्हणजे फक्त डेटाबेस फाइल नव्हे. पडद्याच्या फाइली आणि छपाईच्या फाइलीही डीडीएसमध्येच लिहिल्या जातात, आणि त्यांना एसक्यूएल हा पर्याय नाही. म्हणून ‘आम्ही डीडीएस बंद करतोय’ असं कुणी म्हटलं तर तो फक्त फिजिकल (डेटा साठवणाऱ्या) आणि लॉजिकल (तोच डेटा वेगळ्या क्रमाने किंवा निवडक दाखवणाऱ्या) फाइलींबद्दल बोलतोय, असं समजायचं.

दुसरी गल्लत याहून महागात पडते. फाइल एसक्यूएलने बांधली की आरपीजी या इथल्या नेहमीच्या भाषेतले प्रोग्रामही एसक्यूएलमध्ये लिहावे लागतील, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. डीडीएस १९७८ च्या सिस्टिम/३८ मधून आलं, २१ जून १९८८ रोजी जाहीर झालेल्या एएस/४०० ने ते पुढे चालवलं, आणि एसक्यूएल त्याच डेटाबेसवर बसलं. एसक्यूएलच्या क्रिएट टेबल आज्ञेने बनते तीही फिजिकल फाइलच. आरपीजीच्या चेन, रीड, राइट या वाचण्या-लिहिण्याच्या क्रिया तिच्यावर पूर्वीसारख्याच चालतात. उलट बाजूनेही तसंच, डीडीएसच्या फाइलवर सिलेक्ट खुशाल चालवा. एखादी फाइल कशाने बनली ते पाहायचं असेल तर डीएसपीएफडी ही फाइलचं वर्णन दाखवणारी आज्ञा चालवून ‘एसक्यूएल फाइल टाइप’ ही ओळ शोधा. टेबल असेल तरच ती दिसते.

तिसरा भ्रम कन्स्ट्रेंटचा, म्हणजे डेटावर घालायच्या बंधनांचा. प्रायमरी की, फॉरेन की, चेक आणि ट्रिगर (नोंद बदलताच आपोआप चालणारा प्रोग्राम) यांसाठी एसक्यूएलकडेच जावं लागतं असं नाही. एडीडीपीएफसीएसटी आणि एडीडीपीएफटीआरजी या आज्ञा डीडीएसच्या फाइलवरही ते बसवतात. तेवढ्यासाठी फाइल हलवायची गरज नाही.

खरा फरक: डेटा केव्हा तपासला जातो

डीडीएसच्या फिजिकल फाइलमध्ये नोंद लिहिताना आकड्याच्या रकान्यात खरोखर आकडा आहे का, हे यंत्रणा पाहत नाही. तपासणी होते ती वाचताना. एसक्यूएल टेबलमध्ये ती लिहितानाच होते.

हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात मात्र वर्षानुवर्षं चाललेली कित्येक दुखणी इथूनच निघतात. एखादा जुना प्रोग्राम पॅक्ड (एका बाइटमध्ये दोन अंक ठेवणाऱ्या) रकान्यात स्पेस टाकून जातो किंवा सीपीवायएफ ही नक्कल करणारी आज्ञा स्टार-नोचेक (तपासू नको) लावून चालवली जाते. नोंद बिनबोभाट बसते. चार महिन्यांनी बिलाचा प्रोग्राम ती नोंद वाचतो, एमसीएच१२०२ ही दशांश डेटाची चूक येते, आरपीजी स्थिती ९०७ दाखवतो आणि पंधरवड्याची ऊसबिलं अडकतात. घाण कुणी टाकली हे शोधायला तोवर उशीर झालेला असतो. एसक्यूएल टेबल असती तर घाण टाकणारा प्रोग्राम त्याच क्षणी, त्याच ओळीवर थांबला असता.

वाचताना पुन्हा तपासणी करावी लागत नसल्याने वाचनप्रधान कामात एसक्यूएल टेबलला थोडा फायदाही मिळतो. लिहिताना तपासणीचा थोडा वेळ लागतो खरा, पण वजनकाट्यावर एका खेपेला दोनदाच नोंद होते. तिथे हा वेळ कुणाच्या ध्यानातही येणार नाही.

बाकीचे फरक मूलभूत नाहीत. न सांगता लागू होणाऱ्या पूर्वनिर्धारित गोष्टींतून ते येतात, आणि अडचणीही तिथेच होतात.

सीआरटीपीएफ या डीडीएसवरून फाइल बनवणाऱ्या आज्ञेने बनवलेल्या फाइलचा आकार, काही न सांगितल्यास, १०,००० नोंदी आणि प्रत्येकी १,००० च्या ३ वाढी असा असतो. १३,००० नोंदी भरल्या की ऑपरेटरच्या रांगेत सीपीए५३०५ हा प्रश्न येतो आणि उत्तर मिळेपर्यंत काम खोळंबतं. हंगामात रात्री दोन वाजता ट्रॅक्टरांची रांग काट्यासमोर उभी असताना हे होऊ द्यायचं नसेल, तर साइझमध्ये स्टार-नोमॅक्स द्या. एसक्यूएल टेबलला ती मर्यादा मुळातच नसते.

पुसलेल्या नोंदींची जागा पुन्हा वापरणं डीडीएसमध्ये बंद असतं, एसक्यूएलमध्ये चालू. ऐकायला चांगलं वाटतं. पण ‘फाइलीतली शेवटची नोंद म्हणजे सगळ्यात नवी’ असं धरून चालणारा प्रोग्राम असेल तर तो चुकायला लागतो, कारण नवी नोंद मधल्याच रिकाम्या जागेत जाऊन बसलेली असते. सारख्या कीच्या नोंदींना फिफो (आधी आलेली आधी) किंवा लिफो (शेवटी आलेली आधी) क्रम सांगणाऱ्या लॉजिकल फाइलीही अशा टेबलवर बनत नाहीत. असे प्रोग्राम असतील तर टेबल बनवल्यावर सीएचजीपीएफ या फाइल बदलणाऱ्या आज्ञेने रियूजडीएलटी, म्हणजे पुसलेली जागा वापरण्याचा गुणधर्म, स्टार-नो करा. टेबल एसक्यूएलची असली तरी ही आज्ञा तिच्यावर चालते.

रिकाम्या मूल्याचं उलटं आहे. डीडीएसमध्ये नल, म्हणजे ‘मूल्यच नाही’ ही खूण, चालत नाही, मुद्दाम परवानगी द्यावी लागते. एसक्यूएलमध्ये तुम्ही नको म्हटलं नाहीत तर चालतं. आरपीजी प्रोग्रामला नल हाताळायला सांगितलेलं नसेल तर नल असलेली नोंद वाचताना तो अडतो. म्हणून जुने प्रोग्राम वापरणार असतील त्या टेबलच्या प्रत्येक रकान्यापुढे ‘नॉट नल विथ डिफॉल्ट’ लिहायची सवय लावा.

निवड करताना कुठले प्रश्न, कुठल्या क्रमाने

फाइल नवी आहे का? असेल तर एसक्यूएल. इथे घासाघीस करत बसू नये. आयडेंटिटी (आपोआप वाढणाऱ्या क्रमांकाचा) रकाना, लांब नावं, बदलाची वेळ आपोआप नोंदवणारा रकाना, आवृत्ती ७.२ मधलं ओळ आणि रकाना पातळीवरचं नियंत्रण, ७.३ मधल्या टेम्पोरल (नोंदींची जुनी रूपंही जपणाऱ्या) टेबल, लॉब (मोठा मजकूर किंवा चित्र ठेवणारे) रकाने... यातल्या बहुतेक गोष्टी डीडीएसमध्ये लिहिताच येत नाहीत.

फाइल जुनी आहे आणि नीट चाललीय? मग तिला हात लावू नका. ‘आधुनिकीकरण’ या शब्दापोटी शंभर फाइली एका दमात फिरवणं म्हणजे बिघाड पदरचे पैसे देऊन विकत घेणं.

फाइल जुनी आहे, पण त्यात रकाने वाढणार आहेत आणि तिच्यावर बरेच प्रोग्राम आहेत? खालची मुखवट्याची रीत याचसाठी आहे.

काही फाइली मात्र डीडीएसमध्येच राहू द्याव्यात. एका लॉजिकल फाइलमध्ये दोन-तीन वेगवेगळे रेकॉर्ड फॉरमॅट (नोंदीच्या रचना) असतील तर एसक्यूएलमध्ये त्याला जोड नाही. प्रत्येक हंगामाला एक मेंबर (फाइलमधला स्वतंत्र कप्पा) अशी मल्टि-मेंबर फाइल असेल तर एसक्यूएल टेबलमध्ये एकच मेंबर बसतो. त्याहून जास्त हवे तर टेबलचे भाग पाडावे लागतात आणि त्यासाठी प्रणालीचा पर्याय २७ बसवलेला असावा लागतो. खरं तर एका टेबलमध्ये सुमारे ४.२९ अब्ज नोंदी मावतात. हंगामासाठी एक साधा रकाना ठेवला तर मेंबरांची गरजच उरत नाही. पण ते प्रोग्राम बदलण्याचं काम आहे, निव्वळ फाइल बदलण्याचं नाही, हे आधीच मान्य करून मगच सुरुवात करावी. मेंबर ठेवूनच एसक्यूएलमधून वाचायचं असेल तर प्रत्येक मेंबरसाठी एक एलियस (पर्यायी नाव) बनवा, तेवढ्यावर भागतं.

फील्ड रेफरन्स फाइल, म्हणजे रकान्यांच्या सामाईक व्याख्यांची फाइलही डीडीएसचीच ठेवा. पडद्याच्या फाइली तिच्यातून रकान्याची लांबी तर घेतातच, शिवाय आकडा कसा दाखवायचा हे सांगणारा एडिट कोडही घेतात. एसक्यूएल टेबलमध्ये एडिट कोड नसतो. रेफरन्स फाइल एसक्यूएलमध्ये नेलीत आणि नंतर कधीतरी पडद्याची फाइल पुन्हा कम्पाइल केलीत, तर वजनातला स्वल्पविराम गायब होतो आणि कारण लवकर सापडत नाही.

नवी टेबल बांधताना

उदाहरण म्हणून ऊसक्षेत्राच्या नोंदीची टेबल घेऊ. जुन्या पद्धतीत क्षेत्र बऱ्याचदा ४,२ (एकूण चार अंक, त्यातले दोन दशांश) अशा पॅक्ड रकान्यात भरलेलं सापडतं: २.३५ म्हणजे २ एकर ३५ गुंठे. दिसायला सोपं, बेरजेला घातक. १.३० आणि १.२० यांची बेरीज यंत्र २.५० देतं. खरी बेरीज ७० अधिक ६० म्हणजे १३० गुंठे, अर्थात ३ एकर १० गुंठे. ४० गुंठ्यांचा एकर दशांशात बसत नाही. म्हणून एकर आणि गुंठे असे दोन रकाने करा, गुंठ्यांच्या रकान्यावर ० ते ३९ मधलीच संख्या घेणारी चेक अट बसवा, आणि एकूण गुंठे दाखवणारा एक व्ह्यू (टेबलवरून काढून दाखवलेला तक्ता) वर ठेवा. उताऱ्यावर आणे असतील तर तिसरा रकाना, ० ते १५.

नावं आधी ठरवा. एसक्यूएलमध्ये लांब नाव चालतं, पण आरपीजी आणि सीएल (आज्ञांची भाषा) यांना दहा अक्षरांचं सिस्टिम नाव लागतं. ते तुम्ही दिलं नाहीत तर यंत्रणा पहिली पाच अक्षरं उचलून पुढे ००००१ सारखा आकडा लावते आणि सहा महिन्यांनी कुठला रकाना कुठला ते कुणालाच कळत नाही. टेबलसाठी ‘फॉर सिस्टिम नेम’, रकान्यासाठी ‘फॉर कॉलम’ हे शब्द न विसरता लिहा. शेवटी आरसीडीएफएमटी देऊन रेकॉर्ड फॉरमॅटला वेगळं नाव द्या. न दिल्यास फॉरमॅटचं नाव टेबलच्याच नावासारखं होतं आणि आरपीजी कम्पाइलर फाइल आणि फॉरमॅट एकाच नावाचे स्वीकारत नाही.

प्रकार निवडताना: पॅक्ड आकड्यासाठी डेसिमल, झोन्ड (प्रत्येक अंकाला एक बाइट) आकड्यासाठी न्यूमरिक. वजन टनांत ७,३. तारीख आठ अंकी आकड्यात ठेवू नका. २०२४१३३१ ही तारीख आकडा म्हणून बिनतक्रार बसते, डेट रकान्यात बसत नाही. तालुक्याचं नाव फाइलीत भरू नका, कोड भरा. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, पुढे निपाणी चिक्कोडीतून आणि कागवाड अथणीतून वेगळे तालुके झाले. ज्यांच्या फाइलीत नावं भरली होती त्यांना लाखो नोंदी बदलाव्या लागल्या असतील. कोड असता तर तालुक्याच्या टेबलमधल्या दोन-चार ओळींत काम भागलं असतं.

चेक अटी बेताने लावा. खेपांच्या टेबलवर ‘रिकामं वजन भरलेल्या वजनापेक्षा कमी’ ही अट योग्य आहे. ‘रिकामं वजन शून्यापेक्षा जास्त’ ही अट मात्र काटाच बंद पाडेल, कारण ट्रॅक्टर आत येतो तेव्हा फक्त भरलेलं वजन होतं आणि रिकामं वजन ट्रॉली उतरवल्यावर. पहिली नोंदच नाकारली जाईल.

आज्ञा थेट पडद्यावर टाइप करून टेबल बनवू नका. क्यूएसक्यूएलएसआरसी नावाची सोर्स फाइल ठेवा, तिची रेकॉर्ड लांबी ११२ द्या. नेहमीच्या ९२ मध्ये मजकुराला ८० च जागा उरतात आणि लांब ओळी कापल्या जातात. मग तिच्यातल्या एसक्यूएल आज्ञा चालवणारी रनएसक्यूएलएसटीएम चालवा: कमिटला स्टार-नन, नेमिंगला स्टार-सिस. नेमिंग महत्त्वाचं आहे. एसक्यूएल पद्धतीच्या नावांनी टेबल बनवली तर इतर सगळ्यांना तिच्यावर प्रवेशबंदी असते. सिस्टिम पद्धतीने बनवली तर लायब्ररीचा सीआरटीएयूटी (नव्या वस्तूंवर इतरांना किती अधिकार ते सांगणारा) लागू होतो. ‘माझ्या प्रोफाइलवर चालतं, काट्यावरच्या पोराच्या प्रोफाइलवर चालत नाही’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा हेच असतं.

जर्नल, म्हणजे टेबलमधल्या बदलांची नोंदवही, तपासा. लायब्ररी क्रिएट स्कीमाने बनली असेल तर तिच्यात क्यूएसक्यूजेआरएन हे जर्नल असतं आणि नवी टेबल आपोआप त्यात नोंदवली जाते. सीआरटीएलआयबीने बनलेल्या लायब्ररीत ते नसतं. टेबल बनते, पण सोबत एसक्यूएल७९०५ ही सूचना येते. ती नजरेआड केली की पुढे कमिटमेंट कंट्रोलखाली (बदल एकत्र पक्के किंवा रद्द करण्याच्या सोयीखाली) चालणारा अपडेट एसक्यूएल७००८ ने, कारण ३ दाखवत, अडतो. एसटीआरजेआरएनपीएफ चालवून टेबल जर्नलला जोडा. आणि जर्नल चालू केलं की रिसीव्हर (जर्नलच्या नोंदी ठेवणाऱ्या वस्तू) साठत जातात, हेही लक्षात ठेवा. क्यूएसक्यूजेआरएनचे रिसीव्हर यंत्रणा बदलते, पण पुसत नाही. बॅकअप झाल्यावर जुने पुसण्याचं काम वेळापत्रकात घाला, नाहीतर डिस्क भरते.

लेबल ऑन विसरू नका. डीडीएसमधल्या कॉलहेडिंगची, म्हणजे रकान्याच्या शीर्षकाची, जागा हेच घेतं. शीर्षकाच्या वीस-वीस अक्षरांच्या तीन ओळी असतात, तेव्हा दुसरी ओळ एकविसाव्या जागेवरून सुरू होईल अशा स्पेस सोडाव्या लागतात.

राहिला क्रम. व्ह्यूला क्रम नसतो. आरपीजीला शेतकरी कोडानुसार वाचायचं असेल तर इंडेक्स (कीनुसार लावलेली सूची) बनवा आणि तो इंडेक्सच फाइल म्हणून उघडा, ते चालतं. पूर्वी सिलेक्ट-ओमिटची (निवडक नोंदी दाखवणारी) लॉजिकल फाइल लागायची तिथे आता इंडेक्सलाच व्हेअर अट लावता येते.

जुनी फाइल मुखवट्याआड नेणं

समजा ‘ऊसखेप’ या फिजिकल फाइलवर पाच लॉजिकल फाइली आणि साठ प्रोग्राम आहेत. त्यात तीन रकाने वाढवायचे आहेत. डीडीएस बदलून सीएचजीपीएफला सोर्स फाइल दिलीत तर डेटा टिकतो, पण फॉरमॅटचा ओळखक्रमांक बदलतो आणि कम्पाइल न केलेला प्रत्येक प्रोग्राम उघडताना सीपीएफ४१३१ म्हणजे लेव्हल चेकची चूक देतो. यावर एलव्हीएलसीएचके स्टार-नो हा ‘उपाय’ कुणी सुचवला तर ऐकू नका. त्याने चूक दिसायची थांबते. बदल शेवटी वाढवलेल्या रकान्यांपलीकडे गेला तर प्रोग्राम सरकलेल्या जागांवरून भलताच डेटा वाचतो. पीडीएम या सोर्सच्या यादीच्या पडद्यावरून चौदा नंबर (कम्पाइल) दाबून ‘जुनी वस्तू पुसू का’ या प्रश्नाला वाय म्हणणं तर आणखी वाईट, डेटासकट फाइल जाते.

मुखवट्याची रीत अशी. खरा डेटा नव्या नावाच्या एसक्यूएल टेबलमध्ये जातो. ‘ऊसखेप’ हे जुनं नाव एका डीडीएस लॉजिकल फाइलला मिळतं, जिच्यात अगदी जुनेच रकाने, जुन्याच क्रमाने, जुन्याच फॉरमॅट नावाने असतात. ओळखक्रमांक तोच राहतो, प्रोग्रामांना बदल कळतच नाही.

पहिली पायरी, यादी. डीएसपीडीबीआरने अवलंबून असलेल्या फाइली, डीएसपीपीजीएमआरईएफने प्रोग्राम. दोन्ही आउटफाइलमध्ये घ्या. डीएसपीएफडीमधून तेरा अक्षरी फॉरमॅट ओळखक्रमांक कागदावर उतरवून ठेवा. सीएलमध्ये सीएलआरपीएफएम, आरजीझेडपीएफएम किंवा टूफाइलमध्ये ‘ऊसखेप’ असलेला सीपीवायएफ कुठे आहे ते सोर्समध्ये शोधा. या तिन्ही आज्ञांना फिजिकल फाइल लागते. मुखवट्यावर त्या चालणार नाहीत, तिथे टेबलचं नवं नाव घालावं लागेल.

बॅकअपची सीएलही उघडून पाहा. हा मुद्दा जवळजवळ प्रत्येक ठिकाणी सुटतो. रोज रात्री एसएव्हीओबीजेने नाव घेऊन ‘ऊसखेप’ साठवत असाल तर बदलानंतर तुम्ही फक्त रिकामा मुखवटा साठवत राहाल. आज्ञा यशस्वी होईल, डेटा टेपवर नसेल. पूर्ण लायब्ररी एसएव्हीएलआयबीने साठवत असाल तर चिंता नाही.

दुसरी पायरी, सफाई. जुन्या फाइलीतले बिघडलेले आकडे एसक्यूएल टेबल घेणार नाही, म्हणून ते आधीच शोधा. पॅक्ड रकान्यावर हेक्स फंक्शन लावून शेवटचं अक्षर ए ते एफ मध्ये नसलेल्या ओळी आरआरएनसह (फाइलीतल्या नोंदक्रमांकासह) काढा. स्पेस भरलेला नऊ अंकी रकाना हेक्समध्ये ४०४०४०४०४० असा दिसतो. एसक्यूएलच्या साध्या पडद्यावर अशा ठिकाणी अधिकचिन्हांची रांग येते. नव्या आवृत्त्यांत सिसटूल्समधलं व्हॅलिडेट डेटा हे टेबल फंक्शन हेच काम एका दमात करतं. सापडलेल्या ओळी काय भरून दुरुस्त करायच्या हे हिशेब विभागाला विचारा. सरसकट शून्य टाकून मोकळं होऊ नका, एखाद्या शेतकऱ्याचं बिल त्यात असू शकतं.

तिसरी, व्याख्या काढणं. क्यूसिस२ मधली जनरेट एसक्यूएल ही प्रोसीजर जुन्या फाइलवरून क्रिएट टेबल लिहून देते. वर टिपणीच्या रूपात, काय नेता आलं नाही त्याच्या सूचना असतात: अमुक की वगळली, पुसलेल्या जागांचा गुणधर्म वगळला. त्या वाचा. युनिक नसलेली की टेबलमध्ये येत नाही, ती मुखवट्यात लिहावी लागते. मग तीन नवे रकाने शेवटी घाला आणि त्यांना डिफॉल्ट द्याच. मुखवट्यातून लिहिणाऱ्या प्रोग्रामाला हे रकाने माहीत नाहीत. डिफॉल्ट नसेल तर त्याची प्रत्येक नोंद नाकारली जाईल.

चौथी, प्रत्यक्ष बदल. डब्ल्यूआरकेओबीजेएलसीकेमध्ये एकही कुलूप नको, म्हणजे फाइल कुणीही उघडलेली नको. पूर्ण बॅकअप घ्या. पाचही लॉजिकल फाइली पुसा, जुन्या फाइलीचं नाव बदला. टेबल बनवा आणि सीपीवायएफ, एफएमटीओपीटीमध्ये स्टार-मॅप आणि स्टार-ड्रॉप (रकाने नावाने जुळवून, न जुळणारे सोडून) देऊन, डेटा आणा. नोंदींची संख्या आणि वजनाची एकूण बेरीज दोन्हीकडे जुळवा.

आता इंडेक्स, आणि इथे क्रम पाळायचा. आधी एसक्यूएल इंडेक्स, नंतर त्याच कीच्या डीडीएस लॉजिकल फाइली. एसक्यूएल इंडेक्सचं पान ६४ के असतं, डीडीएसचं साधारण ८ के. इंडेक्स आधी असेल तर मागून आलेली लॉजिकल फाइल त्याचाच मार्ग (नोंदी शोधण्याची रचना) वाटून घेते आणि मोठ्या पानाचा लाभ जुन्या प्रोग्रामांनाही मिळतो. उलट क्रमाने केलंत तर दोन वेगळे मार्ग बनतात आणि प्रत्येक नोंदीला दोन्ही सांभाळावे लागतात. वाटणी झाली का हे डीएसपीएफडीत दिसतं.

मुखवटा लिहिताना डीडीएसच्या जागा मोजून भरा: सहाव्या जागी ए, सतराव्या जागी रेकॉर्डसाठी आर किंवा कीसाठी के, नाव एकोणिसाव्या जागेपासून, कीवर्ड पंचेचाळिसाव्यापासून. पीफाइल या कीवर्डमध्ये नवी टेबल, आणि खाली सगळे जुने रकाने एकेक करून. रकाने न लिहिता मोकळं सोडलंत तर टेबलचे सगळे रकाने, नव्यांसकट, त्यात येतात आणि मुखवट्याचा हेतूच संपतो. बाकीच्या ज्या लॉजिकल फाइली जुनाच फॉरमॅट वापरत होत्या त्यांना फॉरमॅट कीवर्डने मुखवट्याचा फॉरमॅट द्या.

ओळखक्रमांक कागदावरच्याशी ताडून पाहा. एक अक्षर जरी वेगळं असेल तर थांबा. बहुधा एखाद्या रकान्याची लांबी, दशांश किंवा क्रम चुकलेला असतो. जुळला की जीआरटीओबीजेएयूटीला आरईएफओबीजेमध्ये जुनी फाइल देऊन अधिकार टेबल आणि मुखवटा दोघांवर उतरवा, जर्नल आणि ट्रिगर टेबलवर पुन्हा लावा.

मराठी आणि कन्नड नावांचा रकाना

हा रकाना एसक्यूएलमध्ये एनव्हारकॅर करा, म्हणजे सीसीएसआयडी (अक्षरसंचाचा क्रमांक) १२०० ची यूटीएफ-१६ ही युनिकोड पद्धत. डीडीएसमध्येही जी प्रकाराला सीसीएसआयडी १२०० देऊन तो बनतो, तेव्हा केवळ यासाठी एसक्यूएल हवं असं नाही. पण सीसीएसआयडी ३७ च्या (इंग्रजीच्या) जुन्या कॅरॅक्टर रकान्यात देवनागरी किंवा कन्नड लिहू नका. बसत नाही ते अक्षर बदली चिन्ह होऊन साठतं आणि मूळ अक्षर परत मिळत नाही.

लांबी डोळ्यांनी मोजू नका. ‘चिक्कोडी’ वाचताना तीन अक्षरांचं वाटतं, यंत्राच्या मोजणीत आठ एकक: च, वेलांटी, क, हलन्त, क, ओकार, ड, दीर्घ वेलांटी. यूटीएफ-१६ मध्ये त्याला १६ बाइट लागतात, यूटीएफ-८ मध्ये २४. शेतकऱ्याचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव मिळून ६० एकक पुरत नाहीत, १२० ठेवा. मराठी आणि कन्नड नाव एकाच रकान्यात कोंबू नका, दोन रकाने करा.

वर्गवारीची सोय आधीच पाहून ठेवा. साध्या सांकेतिक क्रमाने लावलं तर सगळी देवनागरी नावं आधी आणि कन्नड नंतर येतात. शिवाय युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, आपल्या मुळाक्षरांत तो ह नंतर. गावांची यादी सदस्यांना दाखवायची असेल तर भाषेनुसार लावणारी आयसीयू वर्गवारी सॉर्ट सिक्वेन्समध्ये निवडा.

हे सगळं गाळप बंद असताना, जून ते सप्टेंबरमध्ये करा. त्याच वेळी परतीचा प्रोग्रामही लिहून ठेवा: टेबलमधून जुन्या फाइलीत स्टार-मॅप, स्टार-ड्रॉपने डेटा परत नेणारा, मुखवटा पुसणारा आणि जुनी नावं पूर्ववत करणारा. तो चाचणी लायब्ररीत एकदा तरी पूर्ण चालवून पाहा. हंगामाच्या तिसऱ्या दिवशी परत फिरायची वेळ आली तर जुनी फाइल नुसती पुढे आणून चालत नाही. त्या तीन दिवसांच्या खेपा नव्या टेबलमध्ये असतात, आणि त्या मागे नेण्याची आज्ञा त्या रात्री नव्याने लिहीत बसायला कुणाला सवड नसते.